वाघळांच्या रक्तात पुण्याची माणसं काय शोधतात?



आंबा-जांभळाचा हंगाम आला की या पानावर दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "झाडाखाली वाघळाने कुरतडलेलं फळ पडलंय, गुरांना घातलं तर चालेल का?" दुसरा, "वाघळं हाकलायची काही युक्ती सांगा." यंदा आमच्या मोरव्यातही गावच्या ग्रुपवर विषय निघाला. जुन्या चिंचेवर वाघळं लटकलेली असतात, ती फटाके लावून उठवा, नाहीतर चिंचच तोडा, कारण "त्यांच्यात निपाह असतो, पेपरात आलंय."

पेपरात आलंय हे खरं आहे. पण पेपरात नेमकं काय आलं, ते कोणी शोधलं, कशासाठी शोधलं आणि त्यातून शेतकऱ्याने काय घ्यायचं, हे कोणी नीट सांगत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी ओळख

भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत. शेतकऱ्याच्या कामापुरते दोन गट लक्षात ठेवले तरी पुरे. एक फळं खाणारी. त्यात मोठं वाघूळ येतं, पंख पसरले की चार फुटांच्या आसपास भरतं, वड, पिंपळ, चिंच अशा उंच झाडांवर उघड्यावर लटकतं. त्याहून लहान एक जात गुहेत, पडक्या विहिरीत, भुयारात राहते. आणखी एक लहान जात केळीच्या पानाखाली, ताडाच्या झावळीत लपते आणि पेरू-केळीवर येते. दुसरा गट किडे खाणारा. यांना आपल्याकडे कोणी पाकोळी म्हणतं. संध्याकाळी दिवा लागला की अंगणात भिरभिरतात त्या याच.

मोठ्या वाघळाची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. उंदीर-घुशीसारखी ही जात भराभर वाढत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सुरुवात पुण्यातून

१९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतली रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते काढलं. डास-गोचिडांमधून येणारे रोग शोधणं हे त्याचं पहिलं काम. १९७८ मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. आज आपण एनआयव्ही म्हणतो ती हीच.

१९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या पथकाने विषाणू शोधला, गोचिडी शोधल्या, माकडं तपासली. पण ते तिथेच थांबले नाहीत. हा विषाणू जंगलात आणखी कोणाकोणात राहतो याचा माग त्यांनी वर्षानुवर्षं काढला. उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी, आणि वटवाघळंही. १९६९ साली त्यांनी प्रसिद्ध केलं की नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असणाऱ्या एका किडेखाऊ वाघळात आणि गोचिडीच्या एका प्रकारात हा विषाणू सापडला. रानातल्या वाघळांत माणसाच्या रोगाचा विषाणू शोधण्याचं काम आपल्याकडे असं जुनं आहे.

कोकणातल्या मंडळींना हा रोग माकडताप म्हणून माहीत आहे. २०१६ पासून दोडामार्गात, मग सावंतवाडीकडे त्याने काजू बागायतदारांना गाठलं. रोग अंगावर येतो तो मेलेल्या माकडाच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडीतून, आणि तो येतो काजू वेचणाऱ्या, लाकूडफाटा गोळा करणाऱ्या माणसालाच. जंगल आणि शेत जिथे चिकटतं, तिथे पहिला माणूस शेतकरी असतो.

मलेशियातला धडा

आता निपाह. सप्टेंबर १९९८ मध्ये मलेशियातल्या इपोह भागात वराहपालकांना मेंदूज्वर व्हायला लागला. सरकारला वाटलं जपानी मेंदूज्वर, डासांतून येणारा. गावागावात धूर फवारणी झाली, डुकरांना लशी दिल्या. रोग थांबेना. काही गोष्टी जुळत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर लहान मुलांना जास्त होतो, इथे धडधाकट पुरुष पडत होते. डास सगळ्यांना चावतात, पण रोग डुकरांत काम करणाऱ्यांनाच होत होता. शेजारी राहणारे, पण डुकराला हात न लावणारे, वाचत होते.

मार्च १९९९ मध्ये डॉ. काव बिंग चुआ यांनी एका रुग्णाच्या नमुन्यातून अगदी नवा विषाणू वेगळा केला. तो रुग्ण सुंगाई निपाह गावचा होता, म्हणून विषाणूचं नाव निपाह. त्या गावाचं नाव कायमचं रोगाला चिकटलं. त्या साथीत एकूण २६५ माणसं आजारी पडली, १०५ गेली. दहा लाखांहून जास्त डुकरं मारली गेली आणि हजारो कुटुंबांचा धंदा बसला.

विषाणू डुकरात आला कुठून? गोठ्यांना लागून आंब्याची आणि इतर फळझाडं लावली होती. रात्री फळखाऊ वाघळं येत, फळ अर्धवट खात, उष्टं खाली पडे, ते डुकरं खात. डुकरातून माणसात. म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९९ सालीच मिळालं होतं. वाघळाचं उष्टं फळ जनावरांना घालायचं नाही. डुकरांना तर अजिबातच नाही.

पुढे चुआ यांनी साधी युक्ती केली. तिओमान बेटावर वाघळांच्या झाडाखाली प्लास्टिकचे कागद अंथरले आणि पहाटे परतणाऱ्या वाघळांचं मूत्र गोळा केलं. त्यात निपाह सापडला. एकही वाघूळ न पकडता पुरावा मिळाला. आज जगभर ही पद्धत वापरतात.

बंगाल : रस आणि दारू

जानेवारी-फेब्रुवारी २००१ मध्ये सिलिगुडीत अनोळखी तापाची साथ आली. ६६ रुग्ण, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दगावले. बहुतेकांना लागण इस्पितळातच झाली होती. त्या वेळी रोगाचं नाव कळलं नाही. जपून ठेवलेले नमुने नंतर तपासले तेव्हा निपाह निघाला. पुण्याच्या शास्त्रज्ञांसह झालेलं हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. नाव कळायला पाच वर्षं गेली. नजर नसली की काय होतं त्याचं हे उदाहरण.

२००७ मध्ये नदिया जिल्ह्यात पाच माणसं आजारी पडली, पाचही गेली. डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या पुण्याच्या सहकाऱ्यांनी या विषाणूचा अभ्यास केला. त्यात एक ओळ आपल्या किनाऱ्याने नीट वाचावी अशी आहे. पहिला रुग्ण ताडवर्गीय झाडाच्या रसाची गावठी दारू पिणारा होता आणि त्याच्या घराभोवतीच्या झाडांवर पुष्कळ वाघळं लटकत होती.

सीमेपलीकडे बांगलादेशात २००१ पासून जवळपास दर हिवाळ्यात निपाह येतो. तिथे खजुरीच्या झाडाला छेद देऊन रात्रभर मडक्यात रस धरतात आणि पहाटे कच्चाच पितात. शास्त्रज्ञांनी झाडावर रात्री कॅमेरे लावले. वाघळं येऊन छेदावरून वाहणारा रस चाटताना, मडक्यावर बसताना, तिथेच मुतताना दिसली. गावकऱ्यांची एक जुनी पद्धत होती, बांबूच्या कामट्यांची झापड छेदावर आणि मडक्यावर बांधायची. त्यांनी तीच तपासली. झापड लावलेल्या झाडावर वाघळाला रसापर्यंत पोचता आलं नाही. खर्च किरकोळ, साहित्य गावातलं.

काही जण म्हणतात आंबवलेली ताडी असली की विषाणू मरतो. त्यावर विसंबू नका. बांगलादेशात आंबवलेल्या रसातूनही लागण झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. उकळणं ही खात्रीची गोष्ट. म्हणून गुळाचा प्रश्न येत नाही, कच्च्या रसाचा येतो.

केरळ : पहिली झडती चुकीच्या वाघळाची

मे २०१८ मध्ये कोळीकोड जिल्ह्यात पेरांब्राजवळ एका घरात एकामागून एक माणसं आजारी पडली. घरातल्या दुसऱ्या रुग्णावरच डॉक्टरांना शंका आली. मणिपालला नमुना गेला, पुण्याने शिक्कामोर्तब केलं. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले १८ रुग्ण, बहुतेक दगावले. त्यांची सेवा करणारी लिनी नावाची तरुण परिचारिकाही गेली.

त्या घराच्या विहिरीत वाघळं सापडली. टीव्हीवर दिवसभर विहीर दाखवली. नमुने तपासले तर निपाह नाही. का? ती किडे खाणारी वाघळं होती. नंतर परिसरातली फळखाऊ मोठी वाघळं तपासली तेव्हा त्यांच्यात विषाणू मिळाला आणि तो रुग्णांमधल्या विषाणूशी जुळला. दोन बातम्यांमधल्या काळात लोकांनी काय काय समज करून घेतले असतील, विचार करा.

शेतकऱ्यांनाही फटका बसला. आखाती देशांनी केरळातून येणारी ताजी फळं-भाज्या थांबवल्या. ज्यांच्या बागेत एकही वाघूळ फिरकलं नव्हतं त्यांचाही माल पडून राहिला. रोग मोजक्या घरांत होता, मार सगळ्या राज्याच्या फळाला बसला. म्हणून ही निगराणी नुसत्या डॉक्टरांचा विषय नाही, बाजारभावाचाही आहे.

२०१९, २०२१, २०२३, २०२४, केरळात निपाह पुन्हा पुन्हा आला. पण २०१८ नंतर दर वेळी लवकर ओळखला गेला आणि थोडक्यात आवरला. वाघळं तीच होती, फक्त आरोग्य यंत्रणा सावध झाली होती.

महाबळेश्वरची गुहा

आता आपल्या राज्याकडे. २०१० च्या पाहणीत पुण्याच्या पथकाला पश्चिम भारतातल्या गुहेत राहणाऱ्या फळखाऊ वाघळांत एक नवाच विषाणू मिळाला होता. २०१४ मध्ये त्याची माहिती 'मलसूर विषाणू' या नावाने प्रसिद्ध झाली. त्याचे नातेवाईक चीन आणि अमेरिकेत माणसाला ताप आणतात, म्हणून नोंद महत्त्वाची.

मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या अगदी तोंडावर, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रात वाघळं पकडून नमुने घेतले. महाबळेश्वरची गुहा बातमीत आली ती यातूनच. गुहेत राहणारी फळखाऊ ६५ आणि किडे खाणारी लहान १५, अशी ८० वाघळं. फळखाऊ ६५ पैकी ३३ वाघळांच्या रक्तात निपाहविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. अगदी थोड्या नमुन्यांत विषाणूचे अंशही मिळाले. २०२१ च्या जूनमध्ये बातमी फुटली आणि दोन दिवसांत सगळीकडे एकच मथळा फिरला, महाबळेश्वरच्या वाघळांत निपाह.

इथे थांबून एक गोष्ट समजून घेऊ. प्रतिपिंड सापडणं म्हणजे वाघूळ आत्ता रोग पसरवतंय असं नाही. आपल्या गुरांचं उदाहरण घ्या. लाळ्या-खुरकुताची साथ येऊन गेलेल्या गायीचं रक्त तपासलं तर रोगाच्या खुणा सापडतात. गाय बरी आहे, दूध देते, पण शरीराने आठवण ठेवलेली असते. तसंच हे. ६५ पैकी ३३ वाघळांचा कधीतरी निपाहशी किंवा त्याच्या जवळच्या नातेवाईक विषाणूशी संबंध आला, एवढाच त्याचा अर्थ. हा विषाणू आपल्या डोंगरात फिरतोय, हे मात्र त्यातून कळलं, आणि ते कळणं मोलाचं आहे. पुढे पुण्याच्या संस्थेने देशातल्या १४ राज्यांत पाहणी केली, त्यात महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वाघळांतही अशा खुणा मिळाल्या.

हे लिहीपर्यंत महाराष्ट्रात माणसाला निपाह झाल्याची नोंद नाही. वाघळं आपल्या आजोबा-पणजोबांपासून इथे आहेत. वाघूळ आहे म्हणून रोग आहे, असा सरळ हिशोब नाही. रोग माणसात येतो तो वाटेने येतो. उष्टं फळ, कच्चा रस, मधलं जनावर, नाहीतर आजारी माणसाची जवळून केलेली सेवा. वाट बंद केली की झालं.

नमुना घेतात कसा

कृषी महाविद्यालयातल्या मुलांनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात. वनखात्याची परवानगी लागते. संध्याकाळी वाघळं निघायच्या वेळी केसासारख्या बारीक धाग्याची जाळी लावतात. माणसं अंगभर संरक्षक पोशाख, मुखपट्टी, दुहेरी हातमोजे घालतात. वाघूळ सोडवून त्याला थोडी भूल देतात, वजन-माप घेतात, घशातून आणि गुदद्वारातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतात, थोडं रक्त घेतात. बरीचशी वाघळं शुद्धीवर आली की सोडून देतात. नमुने बर्फात, खरं तर बर्फाहूनही थंड डब्यांत, पुण्याला जातात. निपाहसारख्या विषाणूवर काम करायला सगळ्यात कडक सुरक्षेची प्रयोगशाळा लागते. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला, २०१२ च्या सुमारास सुरू झाली. २०२२ मध्ये नाशिकला फिरती प्रयोगशाळाही सुरू केली, म्हणजे गरज पडली तर गाडीच गावाजवळ नेता येते.

याच्या उपयोगावर शास्त्रज्ञांतही वाद आहे, तो लपवायला नको. अमेरिकेच्या पैशाने २००९ पासून दहा-अकरा वर्षं जगभर विषाणू शोधायची मोठी मोहीम चालली. नऊशेहून जास्त नवे विषाणू सापडले. पण त्यातला कोणता उद्या माणसात उडी मारेल हे यादी बघून सांगता येत नाही. म्हणून काही जण म्हणतात, एवढा पैसा रानात घालण्यापेक्षा गावच्या दवाखान्यात घाला, तापाच्या रुग्णाची तपासणी लवकर करा. दुसरे म्हणतात, रानात काय आहे हे माहीतच नसेल तर दवाखान्यात शोधायचं काय? सिलिगुडी आणि कोळीकोड शेजारी ठेवून पाहिलं तर मला दोन्ही हवं असं वाटतं. २००१ मध्ये कोणाच्या डोक्यातच निपाह नव्हता. २०१८ मध्ये तो डोक्यात होता म्हणून दुसऱ्या रुग्णावर ओळखला. पण ओळखला तो दवाखान्यातच.

मारून काय होतं? युगांडाला विचारा

आता दुसरा प्रश्न, हाकलायची युक्ती.

युगांडात किटाका नावाची खाण आहे. २००७ मध्ये तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग नावाचा भयंकर ताप झाला. खाणीतल्या वाघळांतून आला होता, आणि ती वाघळं आपल्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांच्याच कुळातली. मग खाणवाल्यांनी वाघळं मारून काढली, खाण रिकामी केली. २०१२ मध्ये जवळच्या इबांडा गावात मारबर्गची साथ आली. शास्त्रज्ञ पुन्हा खाणीत गेले. काही वाघळं परत आली होती. आधी शंभरात पाचेक वाघळांत विषाणू होता, आता शंभरात तेरा. जुनी, एकदा रोग होऊन सावरलेली वाघळं मेली. रिकाम्या जागेत नवी, कोवळी, कधीच रोग न झालेली आली आणि विषाणूला मोकळं रान मिळालं.

दुसरा दाखला ऑस्ट्रेलियाचा. १९९४ मध्ये ब्रिस्बेनच्या हेंड्रा भागात शर्यतीचे घोडे आणि त्यांचा प्रशिक्षक निपाहच्या भावासारख्या विषाणूने गेले. विषाणू मोठ्या वाघळांतला. पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये अभ्यासकांनी सांगितलं की हिवाळ्यात फुलणारी जंगलं तोडली गेली, वाघळं उपाशी पडली, शेताच्या कडेच्या झाडांवर आली आणि घोड्यांना रोग लागू लागला. ज्या हिवाळ्यात उरलेलं जंगल भरभरून फुललं, त्या वेळी वाघळं जंगलात परत गेली आणि लागण थांबली. उपाशी, त्रासलेलं जनावर जास्त विषाणू टाकतं.

आता हे आपल्या पट्ट्याला लावून बघा. राई, मुर्धा, मोरवा, पुढे डोंगरी, उत्तन. एका बाजूला खाडी, मिठागरं, तिवरं, दुसऱ्या बाजूला भाईंदरच्या इमारती. मेट्रो ९ च्या कारशेडसाठी आधी आमच्याच राई-मुर्धा-मोरव्याची जागा धरली होती. गावांनी विरोध केला, मग कारशेड डोंगरीकडे गेली आणि तिथे हजारो झाडांचा प्रश्न उभा राहिला. मेट्रो हवी की नको हा वाद या लेखाचा नाही. पण डोंगरावरची झाडं गेली की तिथली वाघळं हवेत विरघळत नाहीत. ती आपल्या चिंचेवर, आपल्या चिकूवर, आपल्या ताडावर येतात. गावातली चिंच तोडली तर पुढच्या गावच्या वडावर जातात. विषाणूची वाट आपणच रुंद करतो.

आणि ती आपल्या कामाची आहेत

मोहाची फुलं रात्री वाघळांच्या वर्दळीने फळतात. वड-पिंपळ-उंबराच्या बिया तीच दूरवर टाकतात. किडेखाऊ जातींचा हिशोब तर थेट शेताचा आहे. थायलंडमध्ये गुहेतल्या वाघळांच्या खाण्यात भातावरचे तुडतुडे मोठ्या प्रमाणावर मिळाले. अमेरिकेत बुरशीच्या रोगाने वाघळं मेली, त्या भागांत शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढल्याचं २०२४ च्या अभ्यासात आलं. भातावर तुडतुडे आले की आपण औषधाला किती मोजतो ते आठवा.

कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वाघळं उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी म्हणून टाकली होती. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीने गेली. त्यामुळे "वाघूळ मारलं तर कोण विचारतो" हे दिवस संपले असं समजा. काही करायच्या आधी वनखात्याला विचारा.

मग करायचं काय

१) कुरतडलेलं, दात-नखांच्या खुणा असलेलं फळ खायचं नाही, विकायचं नाही, गुरं-डुकरं-कोंबड्यांना घालायचं नाही. फावड्याने गोळा करा, खड्डा करून पुरा, हात साबणाने धुवा. पोरांना हे आवर्जून सांगा, कारण "पाखराने खाल्लेलं फळ गोड" ही शिकवण आपणच त्यांना दिली आहे.

२) चांगलं फळ धुवा, सोलून खा. झाडावरचं निरोगी फळ खायला काही हरकत नाही. उगाच आंब्याची बदनामी करू नका.

३) उत्तन-गोराईपासून वसई-डहाणूपर्यंत ताडी-नीरा काढणाऱ्यांनी छेदाची जागा आणि मडक्याचं तोंड दोन्ही झाका. नुसतं मडकं झाकून उपयोग नाही, वाघूळ वरून छेद चाटतं आणि रस खाली येतो. बांबूची झापड, झावळीची चटई, बारीक जाळी, जे हाताशी असेल ते. मडकी रोज गरम पाण्याने धुवा. हे केलं तर धंद्यालाही उद्या गिऱ्हाइकाला सांगायला एक चांगली गोष्ट होते.

४) चिकू-पेरूवर जाळी लावायची तर भोकातून करंगळीही जाणार नाही इतकी बारीक आणि ताणून लावा. मोठ्या भोकाच्या सैल जाळीत वाघूळ अडकतं, मग ते सोडवायला माणूस जातो आणि चावून घेतो.

५) गोठा, डुकरांचं खुराडं, चाऱ्याची गंज आणि पाण्याचं टाकं वाघळांच्या झाडाखाली ठेवू नका. झाड तोडण्यापेक्षा टाकं हलवणं स्वस्त. विहिरीवर जाळी टाका.

६) मेलेलं किंवा पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नका. एकाच ठिकाणी बरीच मेली तर पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनखात्याला कळवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

७) ताप, त्यात बरळणं, झापड येणं, श्वास लागणं, असं एका घरात दोघांना झालं तर घरी उपाय करत बसू नका. डॉक्टरांना बागेत काय काम केलं, काय खाल्लं-प्यायलं, कोणाची सेवा केली हे सगळं सांगा. ते आपण सांगितलं नाही तर डॉक्टरांच्या डोक्यात येणार नाही.

गावच्या ग्रुपवर मी हेच सांगितलं, चिंचेला हात लावू नका, तिच्याखालचं पाण्याचं टाकं हलवा. दोन जणांना पटलं, एकाला नाही. ज्याला नाही पटलं त्याच्यासाठी युगांडाचा भाग पुन्हा एकदा वाचावा, एवढीच विनंती.

तुमच्याकडे ताडीचं मडकं कशाने झाकतात? जुन्या माणसांची काही रीत असेल तर खाली लिहा, जमलं तर फोटो टाका. कोकणपट्टीच्या पद्धती एकत्र करून पुढच्या आठवड्यात टाकतो.